सिद्धू मदने यांचा देशाला हातभार

"देश चालतो तो टॅक्स भरणाऱ्याच्या जिवावर! बाकीचे नुसते बसून जात्यात."

काटेवाडीच्या फाट्यावर, चहाच्या टपरीत उभं राहून सिद्धू मदनेनं गेल्या वर्षी हे इतक्यांदा जाहीर केलं होतं, की समोरून एसटी गेली तरी लोक त्याच्याकडे बघून मान डोलवायचे. जणू डिझेल त्यानंच भरलंय.

आज तोच सिद्धू बारामतीत संदेशच्या टेबलापुढं, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. संदेश लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून द्यायचा. वयानं लहान, आवाजानं मोठा.

"अभिनंदन, सिद्धूराव!" त्यानं कॉम्प्युटरवरची नजर न हलवता आरोळी ठोकली. "सगळाच्या सगळा टॅक्स माघारी मिळतोय!"

मागच्या बाकावर ताटकळलेल्या माणसांनी कौतुकानं पाहिलं.

"सगळा?" सिद्धूनं आवाज खाली आणला, या आशेनं की संदेशही आणेल.

"पै न् पै! कंपनीनं धरलं, तुमी वर्षभर एवढाच पगार घेणार. म्हणून महिन्याच्या महिन्याला कापत गेले. पन तुमची नोकरी टिकली चार महिनं. तेवढ्या कमाईवर टॅक्स बसतच न्हाय."

'चार महिनं' हे शब्द रस्त्यापलीकडच्या भांड्याच्या दुकानात ऐकू गेले असावेत, असं सिद्धूला वाटलं.

"म्हंजे, थोडा तरी ऱ्हाऊ दे की देशाला," तो पुटपुटला.

"ऱ्हाऊ दे म्हणायला रकाना न्हाय त्यात. आता एक करा. एप्रिल ते जून तुमी जुन्या कंपनीत व्हता. तितला पगाराचा दाखला आणा, की लगेच भरून टाकतो."

टॅक्स सोडायला तो एका पायावर तयार होता. जुन्या कंपनीच्या गेटातून आत जायला त्याचे दोन्ही पाय तयार नव्हते.

त्याला कारण त्याचं भाषण. बारामतीच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो पोरगेलेसा असताना लागला आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडला. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. एवढ्यावर भला माणूस हात जोडून घरी गेला असता. सिद्धू बोलायला उभा राहिला. "डबक्यात पोहून कुणी पोहणारा होत नाही," असं तो म्हणाला, आणि डबकं कोणतं याबद्दल शंका राहू नये म्हणून त्यानं हातही फिरवून दाखवला. खाली उतरून, इतकी वर्षं शेजारच्या मशीनवर उभ्या असलेल्या अय्युबच्या खांद्यावर हात टाकला आणि चारचौघांत सांगितलं, "तू हितं कुजू नको. महिन्याभरात तुला लोणी देवकरला वढून घेतो. शब्द हाय माझा."

लोणी देवकरच्या कारखान्यात पगार दुपटीहून जास्त होता, पद 'नव्या लाइनचा प्रमुख' असं होतं. नव्या लाइनची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. मशीन तेवढं आलं नाही. सिद्धूनं चार महिने एका रिकाम्या शेडवर कडक देखरेख केली. दिवाळीत कंपनीनं मिठाईचा पुडा दिला आणि सोबत पत्रही.

तेव्हापासून तो काटेवाडीत, मेव्हण्याच्या पत्र्याच्या शेडात, लोकांच्या कडबाकुट्ट्या दुरुस्त करत होता. गुरांचा चारा बारीक करणारी ती मशीनं. त्यांच्या पात्यांना धार लावायची, बेअरिंग बदलायचं. बारामतीत कुणी विचारलं, तर मात्र तो अजूनही लोणी देवकरलाच होता. अय्युबचं गाव लोणी भापकर, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. बातमी एवढ्या लांब जाणार नाही, अशी त्याची खात्री होती. बातमीला एसटीची वाट बघावी लागत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मी न्हाय जात तिकडं," त्यानं घरी येऊन बायकोला, नकोशीला सांगितलं.

नकोशी धुणं वाळत घालत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "हक्काचं मागायला लाज वाटतीया. आन् माझ्या भावाच्या शेडात फुकट बसायला न्हाय वाटली?"

सिद्धू दुसऱ्या दिवशी गेला. लग्नकार्यातला पांढरा शर्ट, खिशाला पेन.

गेटवर राम वॉचमन होता. सिद्धूची मोटरसायकल दिसताच त्यानं पायाला पाय जुळवून सलाम ठोकला. "सायेब! अवो, किती दिसांनी! बरं झालं गावलात. माझ्या पुतन्याचा अर्ज तयार हाय. तुमच्या तिकडं कुठंबी चिकटवा. झाडायला बी चालंल."

"बघू," सिद्धू म्हणाला. हसं होईल याची तयारी तो रात्रभर करून आला होता. सलामाची तयारी त्यानं केली नव्हती.

आदल्या दिवशी सिद्धूनं फोन केला होता, त्यामुळं ऑफिसात शाहीन मॅडमनी दाखला आधीच काढून ठेवला होता. सही घेता घेता त्या म्हणाल्या, "तिकडं टॅक्स फार कापत असतील ना तुमचा?"

"कापत्यात," सिद्धू म्हणाला. आणि सवयीनं पुढं निघून गेलं, "शेवटी देश चालला पायजे."

"तुमच्या जागेवर ऋषिराज आहे आता. तुमची जागा खरं तर अय्युबभाईंना देत होते. पण ते म्हणाले, मी काय इथं फार दिवस नाही, त्या ऋषिराजला द्या. सुपरवायझरकी कुणी सोडतं का?"

सिद्धूनं सही दोनदा केली. एक जागेवर, एक जागा सोडून.

तो दाखला फाईलीत घालून मान खाली घालून निघाला, तर दारातच अय्युब. अंगावर तोच निळा डगला, कोपराला पुठ्ठ्याची धूळ. शेजारी नवा सुपरवायझर ऋषिराज.

"सर!" ऋषिराज पुढं झाला. "तिकडं कुठलं मशीन हाय हो? स्पीड किती घेतंय?"

रिकाम्या शेडचा स्पीड किती, याचा सिद्धू विचार करू लागला.

"ए पोरा," अय्युब मध्ये पडला, "तुझा रोल फाटाय लागलाय बघ तिकडं. पळ. सायबाला कशाला खोळंबा?"

ऋषिराज पळाला. रोल कुठं फाटल्याचा आवाज काही आला नाही.

दोघं गाड्या लावायच्या जागेकडे चालू लागले. सिद्धूला वाटलं, आता सांगावं. गळ्यापर्यंत आलंही होतं. पण तोंडाचं आणि त्याचं जुनं वैर.

"अय्युब, तुझ्या कामाचं मी बोललोय वर," तो म्हणाला. "सध्या भरती जरा बंद हाय. तू धीर धर."

बोलला, आणि आपलाच आवाज ऐकून त्याला पांढऱ्या शर्टाच्या आत घाम फुटला.

"व्हय की," अय्युब म्हणाला. "मला कुठं घाई हाय?"

त्यानं आपल्या गाडीच्या हँडलची गोणपाटाची पिशवी सोडली. आतून फडक्यात गुंडाळलेलं एक जड, बाकदार लोखंड काढून सिद्धूच्या हातात दिलं. फडकं सुटलं. कडबाकुट्टीचं पातं होतं. सिद्धूचा अंगठा त्याच्याही नकळत धारेवर गेला. पातं पार बोथट झालेलं.

आत कारखान्यात खोकी थडाथड पडत होती.

"कधीपासनं म्हाईत हाय तुला?" सिद्धूनं पात्याकडेच बघत विचारलं.

"दिवाळी झाल्यावर लगीच. आमच्याकडचा दुधाचा टेम्पोवाला सांगत व्हता, काटेवाडीत एक सायेब बसलाय धार लावाय. मानूस बोलतो लई म्हनला, पन धार चांगली लावतो. मी वळाखलं."

"मग फोन करून शिव्या तरी द्यायच्यास."

"म्हटलं, तू सांगशील. रोज वाटायचं, आज येतोय फोन." अय्युब हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "काल शाहीन मॅडम म्हनल्या, तू आज येनार. मंग पातंच घिऊन आलो."

"ती जागा, अय्युब. माझ्यापायी तू..."

"गेली ती. ऱ्हाऊ दे." अय्युबनं हात असा झटकला, जसा पुठ्ठ्याचा भुगा झटकावा. "हे बघ, दोन दिस झाले, म्हशी उसाचं वाढं अख्खं चघळत्यात. बायको मलाच चघळाय निघाली. सांजच्याला काटेवाडीला येतो, तवर लावून ठीव. मजुरी घ्यायची, आधीच सांगतो."

सिद्धूनं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापाशी भाषण नव्हतं. त्यानं पातं फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं, पिशवी मोटरसायकलच्या टाकीवर ठेवली. पात्याचं टोक बाहेर डोकावत होतं. त्यानं गाडीला किक मारली.

"थांब जरा," अय्युब म्हणाला. त्यानं गेटाकडे पाहिलं. राम वॉचमन हातात पुतण्याचा अर्ज घेऊन, छाती काढून उभा होता.

"त्या पिशवीवर तुझी फाईल ठीव," अय्युब हळूच म्हणाला. "तेवढं पातं दिसू दिऊ नको."