उपाशी दाते

सांगलीच्या रक्तपेढीतली नोकरी क्रांतीने घ्यावी की नाही, हे ठरवायला साताऱ्याच्या घरी माणसं जमली होती. क्रांती नुकतीच नर्सिंगची परीक्षा पास झाली होती, म्हणून तिला चहा करायला आत पाठवलं होतं. नर्सिंगमधलं बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळतच होतं.

वडील नानासो फौजेतून हवालदार होऊन परतलेले. सरकारी भरती निघेपर्यंत थांबावं, असा त्यांचा हुकूम. ती कधी निघणार हे भरती काढणाऱ्यांनाही माहीत नव्हतं, पण नानासो थांबायला तयार होते. शेजारच्या हरणाबाईंना क्रांतीच्या लग्नाची काळजी लागलेली.

"दिसभर मानसांचं रगात काढनारी सून कोन करून घ्येईल गं, अंजना?"

जणू क्रांती संध्याकाळी ते पिशवीतून घरीच आणणार होती. क्रांतीच्या आईला, अंजनाला, कुणी बोलायला जागाच ठेवली नव्हती, कारण तासगावहून तिचे थोरले भाऊ हंबीरराव आले होते. मामांची द्राक्षबाग मोठी, बेदाण्याची शेड मोठी, आणि आवाज दोन्हींच्या वरताण.

"नर्स म्हंजे आजाऱ्याची सेवा," मामा म्हणाले. "तितं आजारी मानूसच न्हाई! धडधाकट गडी येतो, रगात देतो, बिस्किट खातो, जातो. ह्यात नर्सिंग कुटं हाय? डेअरीवर दूध गोळा करत्यात, तसलं काम त्ये."

चहाचा ट्रे घेऊन दारात आलेल्या क्रांतीला नेमकं हेच लागलं. तिची धास्तीही हीच होती. जखमा बांधणं, सलाईन लावणं, बाळंतिणीचा हात धरून बसणं, एवढं सगळं शिकून ते गंजू द्यायचं? पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

रक्तपेढीच्या राजेश्वरी सिस्टरांनी मात्र बजावलं होतं, "आधी एक शिबिर बघ. मग हो म्हण, नाहीतर नाही म्हण. नंतर रडत येऊ नकोस." शिबिर शनिवारी तासगावातच होतं, तिथले पुढारी लालासाहेब यांच्या वाढदिवसाचं. आणि आयोजक होते हंबीरमामा.

"बघून जाऊ दे पोरीला," मामा म्हणाले. "आपसूक नाद सुटंल."

शनिवारी मंडपाच्या दारात लालासाहेबांचा मोठा फोटो होता. फोटोखाली रक्ताचा थेंब, आणि थेंबातही लालासाहेबच. ते स्वतः येऊन खाटेवर आडवे झाले, दंडाला पट्टी चिकटवून घेतली, फोटो काढून घेतले आणि उठून गेले. रक्त जागच्या जागी राहिलं. बाकीच्यांना मात्र खरंच द्यायचं होतं, कारण देणाऱ्याला हेल्मेट होतं. मोटरसायकल असो वा नसो.

राजेश्वरी सिस्टरांनी क्रांतीला पहिल्या टेबलावर बसवलं. काम सोपं होतं. येईल त्याला विचारायचं, जेवून आलात का?

"झालं की ताई, आत्ताच झालं," एकेक गडी सांगत होता आणि पुढे सरकत होता.

पहिला धैर्यशील. व्यायामशाळेत कमावलेले दंड. रक्त देऊन ऐटीत उठला आणि वाळत घातलेलं धोतर दोरीवरून घसरावं तसा खाली आला. त्याच्या मागचाही डोळे फिरवायला लागला. सिस्टरांनी दोघांचे पाय उंचावर ठेवले. क्रांती पुठ्ठ्याने वारा घालत म्हणाली, "दादा, खरं सांगा, सकाळी काय खाल्लं होतं?"

"काय न्हाई," धैर्यशील पुटपुटला. "शनवार हाय न्हवं? मामांनी समद्यांस्नी सांगितलंय, दान हाय ते, उपाशीपोटीच करायचं."

"मग मघाशी 'झालं' म्हणालात ते?"

धैर्यशीलला तिच्या शिक्षणाचं नवल वाटलं. "आवं ताई, परक्या बाईनं जेवला का इचारल्यावर न्हाई म्हनायचं व्हय? तुमी उगं ताट वाढायच्या घोरात पडला असता."

क्रांतीने कपाळावर हात मारला. ती स्वतःही कुणाच्या घरी गेली की उपाशीपोटी हेच सांगत आली होती. ती उठून टेबलाशी गेली आणि प्रश्नच बदलला.

"कालवण कशाचं होतं?"

रांग चुळबुळली. एवढ्या घाईत कालवण कुणाला सुचतंय? एकजण घाबरून 'मटन' म्हणाला आणि मारुतीच्या वारी मटण खाल्लं म्हणून अख्ख्या रांगेने त्याला डोळ्यांनी सोलून काढलं. क्रांतीने समोरच्या हॉटेलातून साबुदाण्याची खिचडी मागवली. उपासही राहील, माणूसही उभा राहील.

मग आले मामा.

"माजं झालंय. पुढं घे."

"मामीनं काय केलं होतं?"

मामा मांडवाच्या छताकडे बघायला लागले.

"बाजूला बसा मामा. खिचडी खावा, पानी प्या, दम खाऊन मग या."

"अगं, मी आयोजक हाय!"

"आयोजक बी आडवा पडतो."

रांग फसकन हसली. मामा बसले, खाल्लं, आणि पाळी आल्यावर खाटेवर आडवे झाले. सिस्टरांनी सुई हातात घेतली, तेव्हा त्या दणदणीत माणसाचा आवाज भाकरीच्या तुकड्याएवढा झाला.

"क्रांते, हितंच थांब गं."

त्यांचा तळवा गार आणि ओला होता. त्यांनी तिचा हात असा आवळला, की वॉर्डात कळा देणाऱ्या बायांनीही कधी आवळला नव्हता. ती द्राक्षांच्या भावाचं विचारत राहिली. मामा डोळे मिटून व्यापाऱ्यांना शिव्या घालत राहिले, आणि पिशवी भरली. तोंडावर रंग येईपर्यंत तिने त्यांना उठू दिलं नाही.

सामान आवरताना तिने सिस्टरांना सांगितलं, "मी येते सोमवारपासून."

संध्याकाळी साताऱ्यात तीच माणसं पुन्हा जमलेली. मामा फोनवर होते, त्यामुळे फोन कानापासून लांब धरला तरी चालत होतं.

"काम तसं वाईट न्हाई," ते म्हणत होते, "पर पोरगी तितं गेली तर लय तोंडाळ व्हनार, आधीच सांगतो!"

नानासोंनी घसा साफ केला. "तर मग विचार करायला हरकत नाही, एवढं आज ठरवू. बाकीचं पुढच्या रविवारी—"

"बाबा, सोमवारी हजर व्हायचंय," क्रांती म्हणाली. "मी हो म्हणून आलेय."

हरणाबाईंचा कप हवेतच राहिला. अंजना उठली, आत गेली आणि माळ्यावरची मोठी बॅग काढून सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवली.

"हिची चेन तुटलीया," ती क्रांतीला म्हणाली. "उद्या सकाळीच बसवून आन."