कड्यापोटची घरं

शेवटच्या चढावर हेमिशने लोरेनची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि तो थबकला.

"दगड भरलेत की काय?"

"संत्री आहेत. फळांचं दुकान माझं, डनेडिन शहरात. दुसरं काय आणणार?"

ओढ्याच्या दोन्ही काठांना एकेकाळी सोनं धुणाऱ्या चिनी माणसांनी उपसलेल्या गोट्यांचे ढीग लांबवर पसरले होते. वर कड्याच्या पोटात त्यांची घरं होती. घरं म्हणजे पुढे आलेल्या खडकाखाली दगड रचून केलेले आडोसे, आत चुलीचा काळा डाग. लोरेनचे पणजोबाही कँटनजवळचं गाव सोडून सोन्यासाठी इथे आले ते परत गेलेच नाहीत. त्यांना शोधत त्यांचा नातू, म्हणजे लोरेनचे वडील, आले, तेव्हा ते या डोंगरात कुठेतरी वारले होते.

"यातलं त्यांचं कुठलं?" तिने विचारलं.

कुठलं कुणाचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हेमिशचा सारा जन्म या खोऱ्यात मेंढ्या राखण्यात गेला होता. बायको गेल्यापासून तो अख्खा हिवाळा कुणाशी न बोलता काढायचा. पण साठी उलटलेली ही बाई दोन दिवस पायपीट करून आली होती. ज्याची भिंत त्यातल्या त्यात शाबूत होती, त्या आडोशाकडे त्याने बोट दाखवलं.

"ते. माझे वडील सांगायचे."

लोरेन गुडघे टेकून बसली. तिने संत्री मांडली, उदबत्त्या लावल्या. वारा सुटला तसा हेमिश टोपी काढून वाऱ्याच्या आड उभा राहिला. तिचे ओठ बराच वेळ हलत होते.

"रात्री झाडांवरची पॉसम जनावरं येऊन सगळं फस्त करतील," शेवटी तो म्हणाला.

"करू देत." ती उठून गुडघे झटकू लागली. "काल खालच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाने वेगळंच दाखवलं होतं. त्याचेही वडील सांगायचे म्हणे."

हेमिशचे कान लाल झाले. त्याने टोपी उगाचच फिरवून पाहिली.

"मग इथं कशाला बसलात?"

"इथंही कुणीतरी राहिलंच असेल की. त्याच्या घरचं कुणी आलं असेल, असं वाटतं तुम्हाला?"

हेमिशने टोपी डोक्यावर घातली.

"ओढ्याच्या पलीकडच्या वळणावर अशी आणखी घरं आहेत," तो म्हणाला. "तिकडं कुणी फिरकत नाही. झुडपं माजलीत. मी पुढे होतो."