शेल उतरतेत!

“गुरम्मा, बंद करतो रेडिओ, शेल उतरतेत!”

हा आवाज अजून माझ्या जाळीत घुमतो. मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. चाकूरचे किराणा दुकानदार गुरुपादप्पा यांनी मला चामड्याचं झबलं घालून घरी आणलं आणि कोनाड्यात बसवलं. माझ्या पोटात शेल, म्हणजे बॅटरीचे सेल, बसत, त्यांच्यावर माझा श्वास चाले. सकाळी भजन, संध्याकाळी बाजारभाव. गल्ली माझ्याभोवती गोळा व्हायची. पण अंगणात त्यांच्या बायकोनं, गुरम्मानं, ओवी धरली की गुरुपादप्पांचा हात नेमका माझ्या बटणावर यायचा. शेल उतरतेत म्हणे! माझा आवाज तुटला की ती हिरमुसायची. मीही.

लातूर वेगळा जिल्हा झाला, ही बातमी घराला मीच सांगितली. पेढे वाटले गेले, पाणी मात्र कुठंच नव्हतं. पाऊस रुसला होता. तरी गुरम्मा डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी अंगणातल्या बेलाच्या रोपाला घालायची. महादेवाला आपल्या अंगणातलं पान वाहायचं, एवढीच तिची हौस. पाणी घालताना गायची:

बेलाचं रोप बाई, माझ्या अंगणी तान्हं बाळ
वाट पाहतो महादेव, कधी हिरवी होईल डहाळ

इतकं करूनही रोप पिवळं पडलं. एके सकाळी तिनं मुळाशी खुरपं घातलं, तर मातीतून निघाले माझेच जुने शेल! फुगलेले, फुटलेले, काळं पाणी गळणारे.

“अहो, हे कुणी पुरलं?”

“मीच की. थोडी ताकद उरलेली असती त्यात. म्हटलं, रोपाला लागंल.”

“ताकद? मग तुमच्या ताटात वाढू का दोन?”

शेजारपाजार खो खो हसला. गुरुपादप्पाही हसले आणि खाली वाकले. शेल अन् ती काळी माती त्यांनी गोळ्यांच्या रिकाम्या बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं, मुळाशी ताजी माती घातली. पुढचे संपलेले शेलही त्या बरणीतच जाऊ लागले. आणि पुढच्या पावसाळ्यात बेलाला तांबूस पालवी फुटली!

मित्रांनो, शेल संपला तरी त्यातलं विष संपत नाही. तो विहिरीत, चुलीत, उकिरड्यावर टाकू नका. लेकरांच्या हाती देऊ नका. मला बरेच दिवस लावणार नसाल, तर माझ्या पोटातूनही काढून ठेवा.

परवा नात शिवकांतानं ती बरणी लातूरला, जुने शेल गोळा करतात तिथं, नेऊन दिली. येताना माझ्यासाठी नवे शेल आणले. मी खणखणीत वाजू लागलो! तेवढ्यात उंच झालेल्या बेलाखाली गुरम्मानं थकल्या गळ्यानं ओवी धरली. गुरुपादप्पांचा हात माझ्या बटणावर आला.

“आजोबा, शेल तर नवेच हायत की!”

म्हातारा लाजला. बेलाकडं बघत म्हणाला,

“शेलचं नुस्तं निमित्त होतं, गुरम्मा. मला तुझी ओवी ऐकायची असायची.”