कल्ले पोरीचे, डोकं बापाचं

त्या घरात माशाची वाटणी ठरलेली होती. कल्ले नामिएचे, डोकं तिच्या बापाचं आणि उरलेलं ज्याच्या वाडग्यात पडेल त्याचं. कल्ले कोण खातं म्हणाल तर कोणीच नाही. नामिए ते सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातले चपटे किडे शोधायची, आणि त्याचा तिला विद्यापीठाकडून पगार मिळायचा. तिचा बाप, म्हातारा तोकुजिरो, हे बंदरावर सांगताना मुद्दाम आवाज चढवायचा. ज्याला हसायचं त्यानं तोंडावर हसावं, असा त्याचा हिशेब.

अर्धं आयुष्य नामिएनं दुसऱ्यांनी नावं दिलेले किडे ओळखण्यात घालवलं. आपण बारसं करावं असा एकही तिच्या वाट्याला आला नव्हता. तो आला शरदातल्या एका रविवारी. तोकुजिरो जाळ्यातला मासा घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरला.

"चिनु आहे. घे तुझा वाटा," म्हणत त्यानं डोकं उडवलं आणि कल्ले तिच्या बशीत टाकले.

नामिए सूक्ष्मदर्शकावर मान घालून बसली ती बसलीच. कल्ल्याच्या लाल झालरीत तांदळाच्या कणीहून बारीक किडे होते, मागच्या टोकाच्या आकड्यांनी घट्ट धरून बसलेले. त्या आकड्यांची टोकं दुभंगलेली होती. असे आकडे तिनं कधी पाहिले नव्हते आणि पुस्तकातही कुठे नव्हते. ती एवढ्यानं ओरडली की शेजारीण खिडकीत आली. मग तिनं मान वर केली, तेव्हा मासा मुळ्याच्या फोडींबरोबर सोया सॉसमध्ये रटरटत होता. खरं सांगायचं तर तिला त्याचं काहीच वाटलं नाही. दोन वाडगे भात तिनं त्याच माशाबरोबर चापला.

घोड्यानं पेंड खाल्ली ती नंतर. या किड्यांची रीत अशी, की एकेक जात आपापल्या माशाला बांधलेली. मासा कोणता ते ठाऊक नसेल तर किड्याला घर नाही, आणि बेघर किड्याचं नाव कोण छापणार? नामिएनं बापाच्या शब्दावर 'चिनु' लिहिलं आणि अख्खा हिवाळा चिनु फाडत काढला. किडा काही मिळेना. शेवटी त्या रविवारच्या किड्यांच्या जोरावर तिनं एका नियतकालिकाला लेख धाडला. लेख तपासणाऱ्याचं उत्तर आलं ते रोखठोक होतं. एवढ्या चिनुंत जो मिळाला नाही तो चिनुचा कशावरून? चिनुचे पर काळपट; तसाच दिसणारा, पण पिवळ्या परांचा किबिरे मासा नव्हता कशावरून? मासा जपून ठेवला असेल तर तपासून कळवा, नाहीतर लेख परत.

"मासा कुठं ठेवलाय, विचारतायत," नामिए चुलीशी उभ्या बापाला म्हणाली.

"पोटात, म्हणून कळव."

"थट्टा नको, बाबा. मासा नाही तर किडा नाही. एकुलता एक आहे हो माझा."

"आणि किबिरे म्हणे! जन्म गेला माझा या पाण्यात. मला चिनु कळत नाही? कोण हा टिकोजी?"

"लेख तपासणारे नाव सांगत नाहीत."

"सांगेल कसा! तोंड लपवायला जागा नको?"

तणतणत त्यानं खिशातून पाकीट काढलं, आणि पाकिटातून कागदाची पुडी. पुडीत एक नखाएवढं हाड होतं. माशाच्या खांद्यात असतं ते, स्वतःच छोट्या माशासारखं दिसणारं, डोळ्याच्या जागी भोक असलेलं. ते जवळ ठेवलं की बरकत येते म्हणतात.

"हे त्याचंच," तोकुजिरो म्हणाला.

"पण तुमच्या पाकिटात तर कितीतरी वर्षं एकच हाड होतं."

"ते तू विद्यापीठाची डॉक्टर झालीस त्या दिवशीच्या जेवणातलं. झिजलं होतं." त्यानं उगाच चुलीची आच कमी केली. "त्या रविवारी तू ओरडलीस ना, तेव्हा म्हटलं, आता बदलायला हरकत नाही."

नामिएनं ते हाड तळहातावर घेतलं. बापाला आपलं काम म्हणजे बंदरावर सांगायची एक गंमत वाटते, असंच ती आजवर धरून चालली होती.

"हे कुटावं लागेल, बाबा. तपासणीला. परत नाही मिळणार."

"कूट की! चिनुच निघेल. मग त्या टिकोजीला लिही, तोकुजिरोनं विचारपूस केलीय म्हणावं."

हाड शहरात गेलं, आणि हाड प्रोफेसरांना धडा शिकवणार ही बातमी मच्छीमारांच्या शेडमध्ये. तोकुजिरोनं दवंडी पिटायचीच तेवढी बाकी ठेवली.

डीएनएचा निकाल आला. किबिरे.

नामिएनं त्याच दिवशी किबिरे आणून कल्ले उघडले. पहिल्याच माशात दुभंगल्या आकड्यांचे किडे ओळीनं बसले होते, जणू तिचीच वाट बघत. तिचा किडा आता तिच्याकडून कोणी हिरावून घेणार नव्हतं. ती जागच्या जागी नाचली, आणि मग तिला बाप आठवला. आता बापाला सांगायचं कसं? लेख इंग्रजीत, त्यातलं त्याला अक्षर कळणार नव्हतं. नाही सांगितलं तर त्याची शान शाबूत राहिली असती. हा विचार तिच्या मनात आला, आणि आला म्हणून तिला स्वतःचाच राग आला. छापून एक आणि घरात दुसरं, हे तिला जमणारं नव्हतं.

सकाळी चहा ओतताना तिनं सांगून टाकलं.

"पर पिवळे होते?" तोकुजिरोनं विचारलं.

"असणारच, बाबा."

"मला काळपटच दिसले." त्यानं डोळे चोळले. मोतीबिंदू काढायचं म्हटलं की तो गेली काही वर्षं विषय बदलत होता. मग चहा तसाच ठेवून त्यानं रबरी बूट चढवले आणि तो बाहेर पडला. नामिए चपला घालून मागे धावली.

शेडमध्ये शेगडीभोवती नेहमीची म्हातारी मंडळी बसली होती.

"काय तोकु-सान," त्यांतला गेन्पेई म्हणाला, "शिकवलंस का प्रोफेसरांना?"

नामिएला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"किबिरे निघाला," तोकुजिरो म्हणाला.

"घ्या! चिनु न ओळखणारा कोळी!" गेन्पेई मांडीवर थाप मारून हसला. सगळेच हसले.

"हसा. पोटभर हसा." तोकुजिरो शेगडीपाशी तसाच ताठ उभा राहिला. "जन्मात मला माशावरून कोणी खोटं पाडलं नव्हतं. तुम्ही पाडलंत? तुमच्या बापांनी पाडलं? माझ्या पोरीनं पाडलं! जगात कोणी पाहिला नव्हता असा किडा तिनं शोधला, आणि त्याला घर मिळावं म्हणून सख्ख्या बापाची भीड धरली नाही. आहे कोणाच्या पोरात एवढी धमक? असेल तर आणा इथं!"

हसणं थांबलं. गेन्पेईनं घसा खाकरला आणि बाकावर थोडी जागा केली. नामिएला डोळे पुसायचे होते, पण सगळे तिच्याकडे बघत होते.

"कसा असतो रे तो किडा?" कोणीतरी विचारलं.

तोकुजिरो बाजूला सरला. मागे वळून त्यानं पोरीला हाताला धरून पुढे आणलं.

"हिला विचारा," तो म्हणाला. "मी सांगितलं तर चुकेल."