क्षणभर मागे बोलणारा रेडिओ

मी एक जुना डिजिटल रेडिओ आहे. हसू नका, मित्रांनो. 'डिजिटल' आणि 'जुना' हे दोन शब्द शेजारी बसलेले पाहून पुष्कळांना हसू येते. माझ्या पडद्यावरची अक्षरे आता फिकट झाली आहेत, अँटेनाचे शेवटचे पेर वाकले आहे आणि सेलच्या कप्प्याचे झाकण चिकटपट्टीने जागेवर धरून ठेवले आहे. तरीही सकाळी दुकानाचे शटर वर गेले की गल्लीत पहिला आवाज माझाच असतो. तो हक्क मला कोणी आयता दिलेला नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून जाता जाता कोणी माझ्या पोटात सर्किटची हिरवी पाटी बसवली, कोणी कर्णा बसवला, कोणी स्क्रू पिळले. शेवटी एका बाईने मला कानाशी धरले, मान हलवली आणि म्हणाली, "हा चांगला बोलतो. याला पुढे पाठवा." माझ्या अंगावर एक लाल पट्टी चिकटवली गेली. तिच्यावर लिहिले होते : 'नमुना. विक्रीसाठी नाही.' माझी भावंडे खोक्यांत बंद झाली आणि मी मात्र उघडा राहिलो. आपण बोलून दाखवायचे आणि भावंडांना घरे मिळवून द्यायची, एवढेच माझे काम. मला वाटले, यात काय अवघड आहे? लोक ऐकतील आणि घेऊन जातील. कारखान्यातून नुकते बाहेर पडलेल्यांना असेच वाटत असते.

मी आलो ते दुकान चिंचोळे होते. एका बाजूला चपला शिवणारा, दुसऱ्या बाजूला वह्या बांधणारा आणि मध्ये आम्ही. दारावर पाटी होती, 'रेडिओ : विक्री व दुरुस्ती'. दुकान ताई चालवायची. अख्खी गल्ली तिला ताईच म्हणते, तिच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा. मागच्या टेबलाशी तिचे वडील बसत. त्यांना सगळे बाबा म्हणत. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात पेचकस आणि समोर कोणाचा तरी उघडा पडलेला रेडिओ. या गल्लीतल्या बहुतेक घरांतले रेडिओ त्यांच्या हाताखालून गेलेले होते.

ताईचा भाऊ, दादा, दुसऱ्या पेठेत मोबाइलची कव्हरे विकायचा आणि त्याचे बरे चालले होते. आमची खोकी उतरली त्या दिवशीच तो आला आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अगं, कोण घेणार आहे हे?" तो म्हणाला. "रेडिओ म्हटलं की लोक मोबाइल दाखवतात."

"घेतील," ताई म्हणाली.

"आणि नाही घेतले तर?"

ताई खोकी मोजत राहिली. तेव्हा दादाने निक्षून सांगितले, "हिवाळ्याच्या शेवटी कंपनीचा माणूस येणार आहे. तोपर्यंत ही खोकी इथेच दिसली तर तो एजन्सी काढून घेईल. मग मी इथे माझी कव्हरं लावणार. ती पाटी पण उतरवायची. कबूल?"

ताईने बाबांकडे पाहिले. बाबांनी मान वर केली नाही. "कबूल," ती म्हणाली. "पण पाटी उतरणार नाही."

त्या दिवसापासून मीही हट्टाला पेटलो. ती पाटी उतरणे म्हणजे बाबांचे टेबल उचलले जाणे, हे मला कळत होते. कव्हरांच्या दुकानात पेचकसवाल्या म्हाताऱ्याला कोण जागा देणार?

गिऱ्हाइके येत. मला हातात घेत, उलटेपालटे करत आणि नाके मुरडत. "याला काटा कुठाय?" एक जण विचारी. काटा नाही, केंद्रांची नावे पडद्यावर आपोआप येतात, असे ताई सांगे. "मग फिरवायचं काय?" फिरवायला काही नाही म्हटल्यावर त्याचा रस संपे. दुसरा म्हणे, "आमचा जुना ठणठणीत आहे." तिसरा सेल किती खातो ते विचारी आणि उत्तर ऐकून मला असा खाली ठेवी, जणू मी त्याच्याच ताटातले खाल्ले आहे.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. दुकानाचा एक रिवाज होता, बाबांनी घातलेला. नवा रेडिओ कधी एकटा वाजवून दाखवायचा नाही. शेजारी जुना लावायचा, दोन्हींवर एकच केंद्र लावायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "ऐका आणि मग ठरवा." या रिवाजामुळेच गल्लीचा बाबांवर विश्वास होता. आणि याच रिवाजाने माझी रोज फजिती होऊ लागली.

त्याचे असे आहे, मित्रांनो. जुना रेडिओ आवाज मिळताच तसाच तोंडाबाहेर टाकतो. मला तो आकड्यांच्या रूपात मिळतो. मी ते आकडे गोळा करतो, जुळवतो आणि मगच बोलतो. त्यात क्षणभर जातो. त्यामुळे म्हातारा रेडिओ म्हणे, "नमस्कार", आणि त्याच्या मागोमाग मी म्हणे, "नमस्कार". वेळेचे ठोके त्याचे वाजून होत तेव्हा माझा शेवटचा ठोका पडायचा असे. सामन्याच्या वेळी तर विचारूच नका. त्याच्यावर टाळ्या पडून गेल्यावर माझ्याकडे चेंडू मारला जाई. दुकानात हशा पिके. "अहो, हा तर त्याची नक्कल करतोय!" चपला शिवणारा म्हणायचा. माझा आवाज स्वच्छ होता, काचेसारखा. पण मागून बोलणाऱ्याचे स्वच्छ बोलणे कोण ऐकून घेतो?

एकदा कंपनीचा माणूस पाहणीला आला. गळ्यात घट्ट टाय, म्हणून गल्लीने त्याचे नाव टायवाले साहेब ठेवून दिले होते. त्याने हा तमाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अहो ताई, तो जुना बंद करा ना! शेजारी लावायचाच कशाला?"

"ते लपवणं झालं," मागून बाबा म्हणाले.

"बाबा, विक्री म्हणजे थोडं तसंच असतं," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

हिवाळा अर्धा सरला होता. खोकी जशीच्या तशी होती. ताईचा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी तिने जुना रेडिओ उचलला आणि सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. बाबा पाहत होते.

"बाबा, हा रेडिओ आता नको. आणि गिऱ्हाइकासमोर मध्ये बोलू नका तुम्ही. प्लीज."

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "बरं," म्हणाले. त्यानंतर ते खरोखरच बोलेनासे झाले. चहा आला की पीत, काम आले की करत. बाकी मुके. मला फार वाईट वाटले. ताईलाही वाटले असणार, कारण ती दिवसभर उगाच स्वच्छ काउंटर पुसत राहिली.

आणि गंमत पाहा, खप तरीही झाला नाही. उलट लोकांनाच संशय येऊ लागला. "जुना कुठं गेला? शेजारी लावून दाखवा की," ते म्हणत. ताई विषय बदले आणि ते दाराबाहेर पडत.

तेव्हा ताईने पदर खोचला. दुकानात कोणी घेत नाही ना, मग घरी जाऊन ऐकवीन, असे म्हणून तिने मला पिशवीत घातले आणि गल्लीच्या टोकाला शिवणकाकूंकडे नेले. शिवणकाकू दिवसभर मशीनवर पडदे आणि सदरे शिवत आणि जोडीला रेडिओ ऐकत. "चार दिवस ठेवा, काकू. आवडला तर बघू," ताई म्हणाली आणि मला त्यांच्या लोखंडी कपाटावर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवून आली.

तिची पाठ वळली आणि माझा आवाज गेला. त्या कोपऱ्यात लहरच पोहोचत नव्हती. जुन्या रेडिओला लहर कमी मिळाली तर तो खरखरतो, कण्हतो, निदान जिवंत असल्याचे सांगतो. माझे तसे नाही. मिळाले तर सगळे मिळते, नाहीतर मी पार गप्प. आत मी जिवाच्या आकांताने आकडे शोधत होतो, पण बाहेर टिपूसभर आवाज नाही.

काकूंनी मला थोपटले, हलवले आणि शेवटी पदराखाली घेऊन दुकानावर आल्या. त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली.

"अगं ए ताई, मेला की तुझा रेडिओ! शोभेला ठेवू का याला? त्यापेक्षा माझा खरखऱ्या बरा!"

चपला शिवणारा हातातले काम टाकून उभा राहिला. वह्या बांधणाराही बाहेर आला. ताईचे तोंड एवढेसे झाले. पण ती हटली नाही. तिने मला घेतले, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाली, "चला काकू. मी येते तुमच्याबरोबर."

काकूंच्या खोलीत तिने मला कपाटावर धरले. गप्प. पलंगावर धरले. गप्प. मशीनजवळच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि मी एकदम बोलू लागलो! श्रुतिका चालू होती. एक सासरा सुनेची माफी मागत होता.

काकू मशीनवर बसल्या आणि त्यांनी सवयीने पाय पेडलवरून बाजूला घेतला.

"शिवा की," ताई म्हणाली.

"अगं, मोटर चालू केली की रेडिओ खरखरतो. काही कळत नाही. म्हणून महत्त्वाचं आलं की मी शिवण थांबवते. नाहीतर अर्धी गोष्ट जाते."

"शिवून बघा."

काकूंनी बिचकतच पाय दाबला. मशीन धडधडले. माझ्या आवाजावर ओरखडासुद्धा उठला नाही. सासरा बोलत राहिला, सून रडत राहिली आणि काकूंच्या हाताखालून पडद्याचा काठ सरकत राहिला. काठ संपला तरी त्यांनी पाय काढला नाही. सुई नुसतीच वरखाली होत होती.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी सगळं अर्धंच ऐकलं."

मग डोळे पुसून त्यांनी ताईकडे रोखून पाहिले. "बरं, आता यात वाईट काय आहे ते सांग. तुझे बाबा आधी ते सांगायचे."

ताईने माझा आवाज कमी केला. मग तिने सगळे सांगून टाकले. हा सेल जास्त खातो. जुन्यापेक्षा क्षणभर मागे बोलतो. लहर नसेल तर मुका होतो, तेव्हा मेला असे समजायचे नाही, जागा बदलायची. तिने एकही गोष्ट गाळली नाही.

"एवढंच ना?" काकू म्हणाल्या. "मला कुठं कुणाच्या आधी पोचायचंय? दे एक."

ताई दुकानात परतली ती थेट मागे गेली. बाबा वाकून काम करत होते.

"बाबा, चुकले मी. पुढे येऊन बसा."

"कशाला? गिऱ्हाईक पळेल तुझं."

"पळू दे. तुमच्याशिवाय कोणी विश्वासच ठेवत नाही या दुकानावर." आणि तिने बाबा उठायची वाटही न पाहता त्यांचे टेबल ओढायला सुरुवात केली. बाबा हातातला पेचकस सांभाळत टेबलामागोमाग पुढे आले. वरच्या फळीवरून म्हातारा रेडिओही खाली उतरला आणि पुन्हा माझ्या शेजारी बसला.

मग बाबांची जीभ सुटली. गिऱ्हाईक दारात दिसले की ते आधी माझे दोष सांगत, तेही चवीने. "हा जरा मागून बोलतो हं. विचार करून बोलतो म्हणा." लोक हसत, पण आता ते हसणे वेगळे होते. मग बाबा विचारत, "तुमच्याकडे रेडिओ कुठं ठेवता? शेजारी फ्रिज आहे का? मोटर आहे का?" आणि मला काखोटीला मारून ते सरळ त्या घरी निघत. कोणाच्या कट्ट्यावर, कोणाच्या दारामागे, कोणाच्या माठाशेजारी मला ठेवून पाहत. जिथे मी नीट बोलेन तिथे खडूने खूण करत. एका घरात मी कुठेच बोललो नाही. "तुम्ही घेऊ नका," बाबा त्यांना म्हणाले आणि चहा पिऊन परत आले. त्या घराने शेजारच्या दोन घरांना आमच्याकडे धाडले.

हिवाळा संपला. ठरल्या दिवशी टायवाले साहेब आले. दादाही आला, कव्हरांच्या फळ्या मापायला खिशात टेप घेऊन. ताई भिंतीला टेकून उभी होती. खोकी सगळी संपली नव्हती. दोन शिल्लक होती.

साहेबांनी त्या दोन खोक्यांकडे पाहिले, मग काउंटरवर शेजारी शेजारी वाजणाऱ्या आम्हा दोघांकडे पाहिले. "अजून तसाच लावता होय?" ते म्हणाले.

"तसाच," ताई म्हणाली. "आणि पुढेही तसाच लावणार. चालत असेल तर एजन्सी ठेवा."

दादाने टेप बाहेर काढली. तेवढ्यात शिवणकाकू आपल्या बहिणीला घेऊन दारात आल्या. बहिणीलाही रेडिओ हवा होता, पण तिच्या खिडकीचा कट्टा फार अरुंद होता, तिथे माप घेऊन फळी ठोकावी लागणार होती. बाबांनी दादाच्या हातातून टेप काढून घेतली, मला काखेत मारले आणि म्हणाले, "चल रे, तू पण चल. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागेल."

दादा एकदा ताईकडे आणि एकदा साहेबांकडे बघत राहिला. साहेबांनी टाय सैल केला. "जा की," ते हसून म्हणाले, "मी पुढच्या खोक्यांचं बोलतो ताईंशी." मग दादा निमूटपणे बाबांच्या मागे चालू लागला.

मित्रांनो, या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. माझ्यानंतर चकचकीत नमुने आले. त्यांना कंपनीने काचेत ठेवले आहे. मी मात्र काउंटरवरच आहे, बाबांच्या उजव्या हाताशी. बाबांना आता ऐकू येत नाही. म्हणून ते माझ्या पाठीवर तळवा ठेवून बसतात. माझा कर्णा थरथरला की त्यांना कळते, आणि ते गिऱ्हाइकाला सांगतात, "बोलतोय बघा."

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर माझे एवढे ऐका. वापरत नसाल तेव्हा त्याचे सेल काढून ठेवा, अँटेना धरून त्याला उचलू नका, आणि तो गप्प झाला तर लगेच अडगळीत टाकू नका. उचला आणि खिडकीशी नेऊन ठेवा. आणि घरात कोपऱ्यात बसलेले कोणी माणूस बोलेनासे झाले असेल, तर त्याचीही खुर्ची पुढे ओढा. ते बोलेल. क्षणभर उशीर लागेल, तेवढे थांबा.