पोटमाळ्यावरच्या टाकीचे तीन महिने

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची टाकी आहे, आणि मला बसलेल्या धक्क्यांतून मी अजून पुरती सावरलेली नाही. त्यामुळे माझे बोलणे थोडे मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या. गोष्ट सांगण्याची मला सवय नाही. भरून घ्यायचे, मागेल त्याला द्यायचे आणि गप्प बसायचे, एवढेच मला येते.

माझा जन्म जाड पत्र्यातून झाला. कारखान्यात मला ठोकून ठोकून चौकोनी केले, अंगाला जस्ताचा मुलामा दिला आणि एका अर्धवट बांधलेल्या घरावर आणून सोडले. तेव्हा त्या घराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हते. गवंड्यांनी मला दोरांनी वर ओढून दोन तुळयांवर बसवले. मग माझ्या डोक्यावर वासे चढले, वाशांवर कौले चढली आणि आभाळ दिसेनासे झाले. म्हणजे बघा, आधी मी आले आणि मग छप्पर आले. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती सर्वांना ठाऊक असेल, असे मी धरून चालले होते. तिथेच माझे चुकले असावे.

सुरुवातीला माझे कौतुक झाले. घरातली माणसे शिडी लावून वर येत, बॅटरीच्या उजेडात माझ्याकडे बघत. "टाकी भरलीये ना? मग काळजी नाही," असे म्हणत. पुढे काळजी खरोखरच उरली नाही, तसे माझ्याकडे कोणी फिरकेनासे झाले. पोटमाळ्याची झडप उघडली तर ती मोडकी खुर्ची किंवा फाटकी गादी वर ढकलण्यापुरती. माझ्यावर कोळ्यांनी संसार मांडले. मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. माझे नळ घरभर पसरलेले होते आणि नळांतून घरातले सगळे बोलणे मला ऐकू येई. कोण कशासाठी रुसले आहे, हे शेजारच्या खोलीतल्या माणसाआधी मला कळे.

असेच एकदा या घरातले बाबा फोनवर बोलत होते. पलीकडे त्यांची थोरली बहीण होती. ती दुसऱ्या गावी एका भाड्याच्या खोलीत एकटीच राहत असे आणि जुन्या पुस्तकांची बांधणी करत असे. तिचा घरमालक घर विकणार होता.

"ताई, तू दुसरी जागा शोधूच नकोस," बाबा म्हणाले. "पोटमाळ्याची खोली करतोय मी. खास तुझ्यासाठी. तीन महिने. फार तर साडेतीन."

त्यापूर्वी कोणी साधी टेपसुद्धा घेऊन वर आले नव्हते! तीन महिने हा आकडा त्यांनी कुठून आणला, हे मला आजतागायत कळलेले नाही. पण पलीकडे आत्याने तो खरा मानला आणि दुसरी जागा शोधायचे सोडून दिले.

नंतर ठेकेदार आला. त्याने वाशांवर थापा मारल्या, जमिनीवर पाय आपटला आणि मग त्याची नजर माझ्याकडे गेली.

"आणि ही?" बाबांनी विचारले.

"ही होय? ही अर्ध्या तासाचं काम आहे. झालंच समजा!"

मी हबकले. या घराने जितका काळ पाणी प्यायले तितका काळ मी इथे आहे, आणि माझे अर्ध्या तासात काम तमाम? पण काय करणार? टाकीला कोण विचारतो?

मित्रांनो, पोटमाळ्याची खोली व्हायला किती वेळ लागतो, हे मी अगदी जवळून पाहिले आहे, म्हणून सांगते. हातोड्याचा वेळ त्यात फार थोडा असतो. आधी आराखडा काढणारा येतो. त्याने काढलेल्या पहिल्या आराखड्यात पलंगावर उठून बसले की डोके वाशाला आपटत होते, म्हणून दुसरा काढला. तो मंजुरीसाठी कचेरीत गेला आणि तिथे असा काही झोपला की त्याला उठवायला बाबांना पुनःपुन्हा जावे लागले. दरम्यान वजनाचा हिशेब करणारे एक गृहस्थ आले. ते म्हणाले, "या तुळया खालचं छत धरायला ठीक आहेत. यांच्यावर माणूस वावरायचा तर शेजारी नव्या भक्कम तुळया घालाव्या लागतील." त्यांचा कागद तयार झाला, शेजाऱ्यांनी सामाईक भिंतीला हात लावायला होकार दिला, तोवर ठेकेदाराने दुसरीकडचे काम हाती घेतले होते.

या सगळ्या काळात एकही खिळा ठोकला गेला नव्हता, आणि अशातच दाराशी टेम्पो थांबला. ठरल्याप्रमाणे आत्या आली होती. खोकी, गाठोडी आणि पुस्तके दाबायचा एक जडशीळ लोखंडी प्रेस घेऊन.

"कुठेय माझी खोली?" तिने हौसेने विचारले.

खाली बाबा उगाचच खोकी मोजू लागले.

"पुढच्या आठवड्यात काम सुरू होतंय, ताई," बाबा म्हणाले. "तोवर पुढच्या खोलीत सोफ्यावर..."

"हात्तिच्या! आठवडाभराचाच तर प्रश्न आहे," आत्या म्हणाली.

तिने खोकी सोडली नाहीत. आठवड्यासाठी कशाला पसारा घालायचा? पण पुढचा आठवडा आला आणि तोही पुढच्या आठवड्याचेच नाव सांगून गेला. बाबांकडे दरवेळी नवी तारीख तयार असे. आत्या दरवेळी खोक्यांवरच्या दोऱ्या तशाच ठेवी. एका शाळेने तिच्याकडे फाटकी पुस्तके बांधायला दिली होती. ती तशीच गाठोड्यात पडून राहिली. बाबांची लेक छोटी तिला विचारी, "आत्या, तू काम का नाही करत?" आणि आत्या म्हणे, "जागेवर गेले की करीन हो." दिवसभर ती सोफ्याच्या कडेला बसून राही, गाडीची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखी. तिच्या हाताला काम नव्हते. हे नळातून ऐकू येत नाही, पण तिच्या गप्पपणावरून मला कळे.

छोटीची आई मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "अहो, तुमचे ते तीन महिने कुठल्या कॅलेंडरातले?" ती बाबांना विचारी. अखेर ठेकेदार उगवला आणि नेहमीप्रमाणे "झालंच समजा, वहिनी" म्हणाला, तेव्हा ती कडाडली, "समजून समजून दमलो हो आम्ही! एकदा करूनच दाखवा!"

मग हातोडे पडू लागले. मी तर अंगभर थरथरत होते. माझ्या दोन्ही बाजूंना नव्या तुळया सरकल्या. चहाच्या कपांत भुसा पडू लागला. आणि एके दिवशी, काहीही पूर्वसूचना न देता, त्यांनी खिडकीसाठी माझ्या समोरचे छप्परच उचकटले!

आभाळ! मी ते विसरूनच गेले होते. वारा सरळ माझ्या अंगावर आला. ते भोक एवढे मोठे होते की मला दोर बांधून अलगद अंगणात उतरवता आले असते. मला वाटले, हाच तो अर्धा तास. मी मन घट्ट केले. पण कोणी माझ्याकडे पाहिलेच नाही. कामगारांनी माझ्यावर जेवणाचे डबे ठेवले, जेवले आणि खिडकी बसवायला घेतली. बघता बघता चौकट बसली, काच बसली, भोवतीची कौले परत चढली. आभाळ आता काचेपलीकडे होते आणि मी आत होते.

त्यानंतर प्लंबर आला. त्याने माझी रुंदी मोजली, झडपेची मोजली, जिन्यासाठी सोडलेल्या चिंचोळ्या जागेची मोजली. मग पुन्हा माझी मोजली.

"ही आत आली कशी?" त्याने विचारले.

ठेकेदाराने डोके खाजवले. "आली असेल की झडपेतून."

"झडपेतून? ही काय मांजर आहे?"

"मग... कापू या."

"कापू हो. पण आजच कापली तर हे घर पाणी कुठलं पिणार? रस्त्याखालची नळी बारीक आहे, दाब नाही. आधी तिथून मोठी नळी आणा. रस्ता खणायला पाणीखात्याची परवानगी लागेल. छप्पर उघडं होतं तेव्हा मला का नाही बोलावलं? अंगणात ठेवून, पंप लावून तिथूनच जोडून दिली असती. तुमचं काम थांबलं नसतं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. इतक्या वर्षांनी माझ्याकडे बघितले, तेही अशा नजरेने! लाजेने मी अर्धी झाले. जमीन, भिंती, सगळेच माझ्यापाशी येऊन अडले होते. त्या बिचाऱ्या आत्याच्या वाटेत आता दुसरे कोणी नव्हते, मीच होते. मी मुद्दाम तर काही केले नव्हते. पण वाटेत बसलेल्याला हे म्हणून चालते का?

माणसे निघून गेली. बाबा मात्र वरच राहिले, मला टेकून बसले. थोड्या वेळाने शिडी करकरली आणि झडपेतून आत्याचे डोके वर आले.

"इथं लपलायस होय, बाळ्या?"

"लपलो नाही, ताई. मापं घेतोय."

"टेप खाली टेबलावर आहे."

आत्या धापा टाकत वर आली आणि एका तुळईवर बसली.

"मला एक जागा मिळतेय," ती म्हणाली. "लांब आहे, पण आहे. उद्यापर्यंत कळवायचंय. मी हो म्हणते."

"ताई, असं काय करतेस! पुढच्या आठव..."

इतके म्हणून बाबा थांबले. मला वाटले, आता हे दुसरी एखादी तारीख काढणार. मी जीव मुठीत धरून ऐकत होते.

"मला माहीत नाही, ताई," ते म्हणाले.

"काय?"

"खोली कधी होईल ते. मला खरंच माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. मी आपलं काहीतरी सांगितलं. तू येशील म्हणून."

मला एवढा धक्का बसला की माझ्यातले पाणी हलले. हा माणूस कधी असे बोलला नव्हता. आता आत्या चिडणार, खोकी उचलणार आणि निघणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

पण आत्या हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"अरे गाढवा, हे वाक्य तुला येतं होय? मग पहिल्याच दिवशी बोलायला काय झालं होतं तोंडाला?"

"तू आली नसतीस."

"आले असते! नुसती आले नसते, खोकी सोडली असती. आठवडाभरासाठी कोण प्रेस मांडतं रे? तुझ्या त्या तारखांनी मला धड येऊ दिलं नाही की जाऊ दिलं नाही. मला खोली नकोय. मला एकदाचं कुठंतरी बसायचंय."

"मग ती लांबची जागा?"

"तिचं बघू. आधी मला सांग, तुझा सोफा हलतो का?"

त्या दिवशी खालच्या खोलीत सोफा सरकल्याचा आवाज आला. मग प्रेस फरशीवरून घासत नेल्याचा, त्यापाठोपाठ आईचा, "अहो, पाय सांभाळा, पायावर पडला तर आणखी तीन महिने!" आणि मग दोऱ्या कापल्याचा. एकामागून एक, सगळ्या खोक्यांच्या. दुसऱ्या दिवशी आत्याने फोन करून त्या लांबच्या जागेला नाही म्हणून कळवले. शाळेची पुस्तके बाहेर निघाली आणि पुढच्या खोलीत बांधणी सुरू झाली.

रस्ता कधी खणला जाईल ते कोणालाच माहीत नव्हते, आणि गंमत अशी की आता कोणी विचारतही नव्हते. पण एकदाचा तो खणला गेला. मोठी नळी आली, घर माझ्याशिवाय पाणी पिऊ लागले, आणि प्लंबर करवत घेऊन वर आला.

माझे पाणी सोडून द्यायला त्याने नळ उघडले तेव्हा आत्या पातेले घेऊन धावत आली. "सगळं नका सोडू हो! मला खळ शिजवायचीय." माझे शेवटचे पाणी तिने चुलीवर चढवले. तिच्या खळीने जी पुस्तके चिकटली, त्यांत मी थोडीशी आहे. शाळेतल्या मुलांना हे कोण सांगणार?

मग करवत चालली. त्याबद्दल मी फार बोलत नाही. दुखले, आणि आवाज भयंकर होता. माझे दोन भाग झाले आणि ते नव्या जिन्यावरून खाली उतरले. तेव्हा प्रथमच मला ते घर आतून दिसले, ज्याला मी इतकी वर्षे नुसते ऐकत होते.

त्यानंतर जमीन झाली, भिंतींत ऊब धरणारे थर भरले, गिलावा झाला, तो वाळायची वाट पाहिली, रंग लागला. तपासनीस आला, जिन्यावर डोके लागत नाही याची खात्री करून सही करून गेला. टेप पहिल्यांदा वर आल्यापासून पलंग वर चढेपर्यंत सव्वा वर्ष लोटले होते. आत्या आता तिथे निजते. प्रेस मात्र खालीच राहिला, कारण तो वर चढवायची कोणाची छाती नाही. घरातले लोक पाहुण्यांना सोफ्याऐवजी स्टुलांवर बसवतात.

मित्रांनो, मी फार शहाणी नाही. पण एवढे मागते. घरात काही नवे करायला घ्याल तेव्हा आधीपासून तिथे गुपचूप उभे असलेले काय आहे, ते एकदा बघा. आणि "किती वेळ लागेल?" असे कोणी विचारले, तर तोंडाला येईल ते सांगू नका. तुम्ही सहज सांगितलेल्या शब्दावर कोणीतरी आपली खोली रिकामी करत असते.

मी सध्या मागच्या अंगणात भिंतीला टेकून आहे, एका भागावर दुसरा भाग ठेवलेला. परवा छोटी माझ्यापाशी खेळत होती. तिने बाबांना विचारले, "बाबा, भंगारवाला हिला कधी नेणार?"

बाबांनी सवयीने तोंड उघडले, मग माझ्याकडे पाहिले.

"माहीत नाही, बेटा."

आणि खरे सांगते, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला धक्का बसला नाही.