टीनी क्रॉल गल्ली

इशबेल मडीने रॅनल्ड पिटकेथलीची त्रेपन्न वर्षं वाट पाहिली होती, आणि तो आला तोही सव्वा तास उशिराच.

"लिफ्ट बंद आहे तुमची," दारातूनच त्याने तक्रार केली. वय शहाऐंशी, काठीची मूठ चांदीची, आणि तोरा अजून मालकाचा.

"दम खा, साहेब. बसा."

डंडी शहरात नव्या रस्त्याला नाव हवं असेल तर कौन्सिलचे तीन जिने चढावेच लागतात, मग तुम्ही कोणी का असेनात. रस्त्यांना नावं देण्याच्या या खुर्चीवर इशबेलने एकतीस वर्षं काढली होती. कुठली गल्ली कुणा मासेवाल्याच्या नावाची आणि कुठला चढ कुणा दारू विकणाऱ्या विधवेच्या नावाचा, हे तिला तोंडपाठ होतं. पिटकेथलींच्या तागाच्या गिरणीचे आता फ्लॅट झाले होते. कंपनी रॅनल्डची, आणि सगळ्यात वरचा, नदीकडचा फ्लॅट त्याने स्वतःला ठेवला होता. फाटकापासून अंगणापर्यंतची वाट तेवढी बिननावाची होती.

"यात विचार कसला करायचाय? पिटकेथली मार्ग."

"तो आहे आधीच. तुमच्या आजोबांचा, गोदीमागे. एकच नाव दोनदा दिलं तर आगीचा बंब भलत्याच दारात जाऊन उभा राहतो."

"मग रॅनल्ड मार्ग कर."

"जिवंत माणसाचं नाव देत नाही आम्ही."

"हा कुठला नियम?"

"माणूस शेवटपर्यंत काय करून ठेवेल याचा नेम नाही ना, साहेब. तुम्हाला घाई असेल तर सांगा, मी थांबते."

म्हातारा खदखदून हसला. "जीभ अगदी गिरणीतल्या बायकांसारखी आहे तुझी, पोरी!"

पोरी! इशबेल बासष्ट वर्षांची होती. तिने टाइप केलेले दोन कागद त्याच्यापुढे सरकवले.

इशबेलची आई टीनी याच गिरणीत एक्केचाळीस नंबरचा माग चालवायची. माग फिरवणाऱ्या पट्ट्यावर जाळी असे. ताग अडकला की जाळी काढायची, साफ करायचं, परत बसवायची, असा प्रकार. त्यात वेळ जातो म्हणून धाकट्या मालकाने, म्हणजे या रॅनल्डने, सगळ्या जाळ्या काढून टाकायला लावल्या. आठवडा झाला नसेल, पट्ट्याने टीनीची बाही धरली. मागांच्या त्या खडखडाटात तिची हाक शेजारणीलासुद्धा ऐकू गेली नाही. इशबेल तेव्हा नऊ वर्षांची होती.

शेरीफसमोर, म्हणजे तिथल्या न्यायाधीशासमोर, चौकशी झाली. कोर्टाच्या रिवाजाप्रमाणे आधी माहेरचं आणि मग सासरचं आडनाव वाचलं गेलं: क्रिस्टिना क्रॉल अथवा मडी, ऊर्फ टीनी. सात वेळा वाचलं गेलं. आजीच्या मांडीवर बसून इशबेलने बोटांवर मोजलं होतं. बाईने जाळी स्वतःच काढली असणार, असं रॅनल्डने शपथेवर सांगितलं. तुम्ही तिला ओळखत होतात का, असं विचारल्यावर तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "सहाशे बायका आहेत आमच्याकडे. कुणाकुणाची नावं लक्षात ठेवायची?" पाच मिनिटांत तो सुटला. इशबेल मात्र त्या वाक्यातून कधीच सुटली नाही.

कागदावर पाच विणकर बायकांची नावं होती, सगळी गिरणीच्या जुन्या नोंदवहीतली. गिरणीत लग्नानंतरही बाई माहेरच्याच नावाने ओळखली जायची. म्हणून पहिलं नाव होतं टीनी क्रॉल.

रॅनल्डने चष्मा लावला. त्याने ओळखलं तर तो नाव खोडणार, हे उघड होतं. आणि आतल्या आत तिने एक ठरवलं होतं: या नावावर याची नजर नुसती अडखळली, चेहऱ्यावर काहीतरी हललं, तर आपणच ते नाव मागे घ्यायचं आणि सोडून द्यायचं म्हाताऱ्याला.

त्याची नजर पाचही नावांवरून सरळ खाली उतरली.

"बायका?" तो म्हणाला. "चालेल की. घेणाऱ्यांना आवडतं हल्ली असलं काहीतरी. ही पहिलीच घे, सुटसुटीत आहे. कोण होती?"

"विणकर होती. दुसऱ्या कागदावर लिहिलंय. पाटीवर नावाखाली तेही कोरलं जाईल."

"असू दे, असू दे," म्हणत त्याने दोन्ही कागदांवर न वाचता सह्या ठोकल्या. तो जिना उतरेपर्यंत इशबेल ताठ बसून राहिली, आणि मग तिला इतका संताप आला की हातातली पेन्सिल मोडली. सोडून द्यायला निघाले होते मी याला!

नव्या नावाची नोटीस, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून, एकवीस दिवस गिरणीच्या फाटकाजवळच्या दिव्याच्या खांबावर होती. इशबेल रोज कामावर जाताना वाट वाकडी करून ती बघून यायची. पावसाने कागद गळून पडला तेव्हा तिने स्वतः नवा लावला. एकही हरकत आली नाही.

बाविसाव्या दिवशी पाट्या लावणारा वॉटी शिडी घेऊन आला. इशबेल खाली उभी होती.

"अगं, पाटी लावायला मी लागतो, तू कशाला आलीस?" वॉटी म्हणाला. "तुला रिटायर व्हायला चार दिवस राहिले, आणि आता माझ्या कामावर नजर का?"

"वाकडी लावशील म्हणून आले. चार स्क्रू बसव, दोन नकोत."

रॅनल्ड जेवायला क्लबात निघाला होता. पाटीसमोर तो कौतुकाने थांबला आणि चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचायला लागला. टीनी क्रॉल, विणकर. याच गिरणीत, एक्केचाळीस नंबरच्या मागावर, जाळी नसलेल्या पट्ट्यात सापडून मृत्यू, १९७१.

त्याची मान सावकाश वळली. "कोण ही?"

"त्या वेळीही हेच म्हणाला होतात, शेरीफसमोर," इशबेल म्हणाली. "माझी आई."

रॅनल्डने शिडीवरच्या वॉटीकडे काठी रोखली.

"काढ ती पाटी. आत्ताच्या आत्ता काढ."

"तुमची सही आहे, साहेब. दोन्ही कागदांवर."

"मी नाव बदलून घेईन!"

"घ्या ना. अर्ज करा. नाव का नको त्याचं कारण स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, आणि तो अर्ज एकवीस दिवस या खांबावर लागतो. शेजारीपाजारी सगळे वाचतील."

रॅनल्डने पाठ फिरवली आणि टॅक्सीसाठी फोन लावला. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे फोन स्पीकरवर होता.

"कुठून घ्यायचं, आजोबा?" टॅक्सीच्या ऑफिसातल्या बाईने विचारलं.

"पिटकेथलींच्या गिरणीपासून."

"गिरणी? असलं काही दिसत नाही माझ्याकडे. रस्त्याचं नाव सांगा."

त्याने इशबेलकडे चोरून पाहिलं. ती जागची हलली नव्हती.

"क्रॉल," तो पुटपुटला.

"काय? अहो, तोंड उघडून बोला जरा. पूर्ण नाव सांगा."

"टीनी क्रॉल!" म्हातारा ओरडला. आवाज अंगणाच्या चारही भिंतींवर आपटला. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

इशबेलला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्याची तिला तिळभरही लाज वाटली नाही. यापुढे डॉक्टरला, पोस्टमनला, नातवंडांना, आणि एक दिवस छातीला हात लावून अँब्युलन्सवाल्यांना, हा माणूस हेच नाव सांगणार होता.

"नवा रस्ता दिसतोय, आजोबा," फोनमधली बाई म्हणाली. "आमच्या यादीत नाही अजून. एकेक अक्षर सांगा बघू, सावकाश."

रॅनल्डने सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या अक्षरावर त्याचा आवाज फाटला. बाई म्हणाली, "ऐकू नाही आलं, पहिल्यापासून सांगा," आणि इशबेल वॉटीच्या शिडीला टेकून ऐकत उभी राहिली.